काटा किती म्हणतो?

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी आमच्या घरात एक आकडा वहीत चढतो. आईचं वजन. वही चौकटीची, शाळेत गणिताला असायची तशी. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात किलो, आणि शेवटच्या रुंद रकान्यात दोन-चार शब्द: "रात्री लग्नाचं जेवण", "पोट साफ नाही", "धाप नाही, उशा दोनच".

आईच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय असं इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं, तेव्हापासूनची ही वही. मिरजेच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांची यादी हातात दिली आणि सगळ्यात खाली पेनानं एक ओळ वाढवली: रोज सकाळी वजन. अशी ओळ पाहिली की घरच्यांना ती पथ्यापाण्याची वाटते, तळलेलं टाळा, जिना चढू नका, यांच्यासारखी. डॉक्टरांनी मात्र आम्हाला बसवून तिचा अर्थ सांगितला, आणि तो मी त्यानंतर भेटेल त्याला सांगत आलेय.

हृदयाची ताकद कमी झाली की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. अंगातलं पाणी आटत चाललंय असा मूत्रपिंडांचा समज होतो आणि ती मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. ते पाणी आधी पावलांत, पायांत, पोटात साठतं आणि मग फुप्फुसांपर्यंत जातं. घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा पडतो, तोवर कित्येक लिटर पाणी अंगात मुरलेलं असू शकतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. डोळ्यांना सूज दिसायच्या आधी, रात्री उठून बसायची वेळ यायच्या आधी, काट्याला ते कळलेलं असतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, एवढंच त्यांनी बजावलं. लघवीची गोळी वाढवायची की नाही ते ते ठरवणार. आम्ही फक्त आकडा नीट द्यायचा.

आणि हा "नीट" शब्दच अवघड आहे. धडधाकट माणसाचं वजनसुद्धा एका दिवसात एक-दोन किलो खालीवर होतं. सकाळी उपाशीपोटी वेगळं, रात्री जेवून वेगळं. म्हणजे ज्या दोन किलोंवर फोन करायचा, तेवढा फरक निव्वळ हलगर्जीपणानं वजन घेतलं तरी पडतो. एक दिवस साडीत, दुसऱ्या दिवशी गाऊनवर. एकदा चहाआधी, एकदा नाश्त्यानंतर. आज या खोलीत, उद्या त्या. अशा वहीत पाण्याची वाढ लपूनही जाते आणि नसलेली वाढ दिसूनही येते. पहिल्यात आई आयसीयूत जाते, दुसऱ्यात उगाच जास्तीची गोळी पोटात जाऊन रक्तदाब पडतो.

म्हणून आधी जमिनीकडे बघावं लागलं. आमचं सांगलीचं घर जुनं. माजघरात शहाबादी फरशी, मागच्या खोलीत कोबा, आणि अलीकडे बांधलेल्या बाथरूमबाहेर चार फूट टाइल्स. शहाबादी दिसायला सपाट असते, पण काटा ठेवला की एक पाय अधांतरी राहतो. हल्लीच्या काचेच्या काट्यांना चार कोपऱ्यांत चार पाय असतात आणि खरं मोजमाप त्या पायांतच होतं. प्रत्येक पायात एक धातूची पट्टी असते, तिच्यावर चिकटवलेली बारीक तार. भार पडला की पट्टी केसभर वाकते, तारेचा विद्युतरोध बदलतो आणि तो बारीक बदल व्हीटस्टन ब्रिज नावाच्या विद्युत जोडणीनं पकडला जातो. बारावीला विज्ञान घेतलेल्यांना हा ब्रिज आठवेल. चारही पायांची बेरीज म्हणजे आपलं वजन. एक पाय टेकलाच नाही किंवा तिरका टेकला, तर बेरीज चुकते. गालिचा, सतरंजी, प्लॅस्टिकची चटई यांवर तर काट्याचं पोटच खाली टेकतं आणि पायांवर यायचा भार वाटेत हरवतो. आमच्याकडे कोबा आणि शहाबादी दोन्ही बाद झाले. टाइल्सवर काटा कुठल्याही कोपऱ्यावर दाबला तरी डुगडुगला नाही. तिथे चारी पायांभोवती मी मार्करनं गोल काढले. झाडताना काटा हलला तर तो त्याच गोलांत परत बसतो, आणि हलवल्यावर आधी नुसता पायानं दाबून शून्य येऊ द्यायचं, मग चढायचं. काटा सरकला की त्याचं शून्यही सरकतं, म्हणून.

साडीचा प्रश्न जास्त नाजूक होता. आई आयुष्यभर सुती साडी नेसत आली. साडी, परकर, झंपर मिळून पाऊण-एक किलोपर्यंत जातं, आणि प्रत्येक साडीचं वजन वेगळं. गाऊन घालून वजन करू म्हटलं तर तिला ते नको होतं. उठल्याबरोबर पारोसं, गाऊनवर, घरात इतर माणसं वावरत असताना काट्यावर उभं राहणं तिला प्रशस्त वाटेना. तिचं म्हणणं मला पटतं. आजारपणात माणसाकडून आधीच पुष्कळ काही काढून घेतलेलं असतं. शेवटी बाथरूमबाहेरच्या त्या चार फुटांना एक पडदा लावला. आतल्या खुंटीवर एकच गाऊन, फक्त वजनासाठी. तो धुवायला जातो तेव्हा त्याच्याच कापडाचा दुसरा. पाटल्या आणि मंगळसूत्र अंगावर तसंच राहतं, कारण ते रोजच असतं. रोज असणाऱ्या गोष्टीनं काही बिघडत नाही.

वेळेचं म्हणाल तर उठल्यावर, लघवी आणि जमलं तर शौचाला जाऊन आल्यावर, पाण्याचा घोटही न घेता. आईला लहानपणापासून उठल्या उठल्या तांब्याभर पाणी प्यायची सवय. तांब्यातलं अर्धा-पाऊण लिटर पाणी काट्यावर जसंच्या तसं उतरतं. आता पाणी वजनानंतर, आणि तेही मोजून. डॉक्टरांनी दिवसाचं दीड लिटर ठरवून दिलंय. ते सकाळी एका बाटलीत भरून ठेवलं की दिवसभर हिशेब बोलायला लागत नाही. चहा घेतला की तेवढं बाटलीतून काढून टाकायचं.

आणखी एक गोष्ट वयस्कर माणसांच्या बाबतीत हमखास घडते आणि कुणी सांगत नाही. तोल जाईल या भीतीनं हात भिंतीला लागतो. नुसता टेकवलेला हातसुद्धा काही शे ग्रॅम भिंतीला देऊन टाकतो, घट्ट धरला तर किलोंनी. चढताना आधार हवाच, तिथे काटकसर नको. आईच्या उजव्या हाताला आम्ही बार बसवलाय. चढायचं, दोन्ही पावलं मधोमध ठेवायची, नजर समोर, मग हात सोडून आकडा स्थिर होईपर्यंत उभं राहायचं, आणि पुन्हा बार धरून उतरायचं. मी मागे उभी असते, पण स्पर्श करत नाही. वाकून आकडा बघायचं काम माझं, कारण वाकलं की भार पुढच्या पायांवर जातो, आकडा थरथरतो आणि आईला चक्कर येते.

लोक मला विचारतात, काटा कुठला घेतला? बरोबर दाखवतो का? दवाखान्यातल्या काट्यावर आईचं वजन आमच्यापेक्षा किलोभर जास्त भरतं. दोघांपैकी खरा कोण, हे शोधायच्या मी मागे लागले नाही. घरचा काटा किलोभर खोटा असला तरी चालेल, तो रोज तेवढाच खोटा असला पाहिजे. आम्हाला फरक हवाय. म्हणून तपासायचं ते हे: पाच मिनिटांत तीनदा चढून उतरलं तर आकडा शंभर-दोनशे ग्रॅमच्या आत राहतो का? हातात मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा घेतला तर नेमका एक किलोच वाढतो का? पुड्याऐवजी तेलाची पिशवी घेणार असाल तर वरचा मजकूर वाचा. एक लिटर तेल ९१० ग्रॅमच भरतं.

यात एक खोच आहे. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात. पुन्हा चढल्यावर थोडाच फरक दिसला तर नवा आकडा दाखवण्याऐवजी जुनाच दाखवतात. बघणाऱ्याला वाटतं, काय अचूक यंत्र आहे, ग्रॅमचा फरक नाही! आमच्यासारख्यांसाठी ही लबाडी घातक आहे, कारण रोज दोन-तीनशे ग्रॅमनं हळूहळू चढणारं पाणी त्यात दडपलं जाऊ शकतं. ओळखायचं असं, की आधी नुसतं चढायचं, उतरून हातात पाण्याचा भरलेला पेला घेऊन पुन्हा चढायचं. आकडा जागचा हलला नाही तर काट्याची आठवण जागी आहे. मग दोन वजनांच्या मध्ये अर्धी बादली पाणी काट्यावर ठेवून उचलायची, की मागचं विसरलं जातं. नवीन काटा घेताना ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी, परत करायची मुदत असते तोवर.

रोजच्या त्या एकसारखेपणाचा विचार करताना मला जगाच्या किलोची गोष्ट फार जवळची वाटते. पॅरिसजवळ सेव्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल काचेच्या हंड्यांखाली जपलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तोच किलो होता. त्याच्या प्रती देशोदेशी दिलेल्या. भारताची ५७ क्रमांकाची दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. कित्येक वर्षांनी प्रती परत नेऊन मूळ दंडगोलाशी ताडल्या तेव्हा शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. बदललं कोण, मूळ की प्रती? सांगायला तिसरं कुणीच नव्हतं. अखेर २० मे २०१९ पासून किलो त्या दंडगोलावरून सुटला आणि प्लांकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका ठरलेल्या आकड्याला बांधला गेला, जो बदलत नाही. न बदलणारं काहीतरी एक हातात असल्याशिवाय बदल मोजताच येत नाही, हे इतक्या मोठ्या माणसांना इतकी वर्षं छळत होतं. आमच्या घरी ते काम टाइल्सवरचे चार गोल आणि खुंटीवरचा गाऊन करतात.

रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर, मध्ये बाथरूमलाही न जाता वजन केलं, तरी सकाळी दोन-चारशे ग्रॅम कमी भरतात. आईला याचं फार नवल वाटलं होतं. "अगं, झोपेत कुठं गेलं?" चारशे वर्षांपूर्वी इटलीत पडुआच्या एका वैद्याला हाच प्रश्न पडला होता. सांतोरियो त्याचं नाव. मोठ्या काट्याला त्यानं आपली खुर्ची टांगली आणि तीस वर्षं तो खाणं, पिणं, मलमूत्र आणि स्वतःला तोलत राहिला. १६१४ साली त्याचं पुस्तक आलं. दिवसाला आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर त्यातले पाच पौंड न दिसता अंगातून निघून जातात, असा त्याचा हिशेब होता. श्वासातली वाफ आणि न जाणवणारा घाम. पुढे रसायनशास्त्रानं त्यात भर घातली. चरबी जळते म्हणजे ती जाते कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी गणित मांडून दाखवलं: दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेली १.६ किलो पाणी होऊन. माणूस झोपेत हलका होतो तो बराचसा श्वास सोडून सोडून. हे आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग श्वास नीट चालायला हवा," आणि तिच्या तोंडून ते ऐकताना माझ्या पोटात कालवलं.

त्याच काट्यावर माझी मुलगीही चढते. सुट्टीला हॉस्टेलवरून आली की पडद्याआड जाते आणि बाहेर येते ती चेहरा पाडूनच. आदल्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर भेळ आणि पाणीपुरी झालेली, सकाळी किलोभर वाढलेलं. तिला मी वही उघडून आजीचे आकडे दाखवले. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. ते एका संध्याकाळचं काम नाही. वाढलं ते मीठ आणि मिठानं धरलेलं पाणी, शिवाय पोटातलं अन्न. पोरी भात-भाकरी बंद करतात आणि पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हरखतात, तेही असंच. यकृतात आणि स्नायूंत अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून असतो. भाकरी बंद केली की साठा संपतो, पाणी सुटतं. पुन्हा खाल्लं की दोन्ही परत येतं. पाळीच्या आधी काहींचं किलो-दोन किलो वाढतं आणि पाळी आली की आपोआप उतरतं. हे सगळं शरीर नीट चालल्याचं लक्षण आहे, गुन्हा नव्हे.

तिला वजन कमीच करायचं असेल तर एका सकाळचा आकडा तिच्या कामाचा नाही. सात दिवसांची सरासरी काढायची आणि या आठवड्याची सरासरी गेल्या आठवड्याच्या शेजारी ठेवायची. पाळीचा आठवडा मागच्या पाळीच्या आठवड्याशी. पण मला तिच्याबाबतीत आणखी एक वाटतं आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. सकाळचा आकडा दिवसभर डोक्यात घोळत असेल, त्यावरून जेवायचं की नाही हे ठरत असेल, तर काट्यावर चढूच नये. आजीला तो आकडा जगवतो म्हणून तो घरात आहे. तुझं जेवण ठरवण्याचा हक्क त्याला दिलेला नाही. आणि खाण्यावाचून राहावंसं सारखं वाटत असेल तर ते मला, नाहीतर डॉक्टरांना तरी सांगायचं, मनात ठेवायचं नाही.

तिनं मला एक स्मार्ट काटा सुचवला होता, चरबी, स्नायू, हाडं सगळं टक्क्यांत सांगणारा. असले काटे अनवाणी पायांतून अगदी सौम्य वीज सोडतात आणि तिला किती अडथळा होतो त्यावरून अंदाज बांधतात. अंगात पाणी कमी-जास्त झालं की हा अंदाजच हलतो, म्हणजे आमच्या घरी तो सगळ्यात आधी कोलमडणार. शिवाय पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नयेत असं त्यांच्या पत्रकातच छापलेलं असतं. आईला पेसमेकर नाही, पण उद्या बसवायची वेळ येऊ शकते. आम्हाला साधा काटाच बरा.

वहीनं आम्हाला मीठ वाचायला शिकवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं होतंच, दिवसाला एक छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत. पण सांगणं आणि दिसणं यात फरक आहे. श्रावणात शेजारून आलेल्या सांडगी मिरच्या, पानात रोज एक फोड लोणचं, दुपारी भावानं प्रेमानं आणलेलं जयसिंगपूरचं भडंग: असा आठवडा वहीत चढत्या ओळीनं दिसतो आणि शेवटच्या रकान्यात त्याची कारणं. आईला कुणी रागावावं लागलं नाही. तिनं स्वतःच चष्मा लावून पानं उलटली, आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. आता आमटीत मीठ कमी आणि आमसूल, जिरं, ओली मिरची जास्त असते. घरात सगळे तेच खातात. एकट्या माणसाचं अळणी वेगळं शिजवलं की तो पानावर एकटा पडतो.

वहीवर माझा इतका विश्वास असूनही नुसत्या आकड्यावर मी तो ठेवत नाही, आणि याचं कारण गेल्या हिवाळ्यात दिसलं. डॉक्टरांनी आईचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५६ किलो धरलं होतं. ५८ ला फोन करायचा. थंडीत तिचं खाणं मंदावलं, पण काटा ५६ च्या आसपास शांत होता. आठवडेच्या आठवडे सपाट ओळ. शेवटचा रकाना मात्र शांत नव्हता. आडवं झाल्यावर धाप लागते, म्हणून उशा वाढतात. "उशा तीन." "चप्पल घट्ट." "दंडाचा झंपर सैल." दंड बारीक होतायत आणि पाय जड, हे एकाच पानावर होतं. मांस उतरत होतं, तेवढंच पाणी चढत होतं आणि बेरीज जुळत होती. लांबलेल्या हृदयविकारात हे होतं आणि नुसतं वजन बघणाऱ्याला ते कळत नाही. मी वही घेऊन गेले. डॉक्टरांनी आकड्यांआधी तो रकानाच वाचला, पाय दाबून पाहिले, गळ्याची शीर बघितली. गोळी वाढली, जेवणात डाळ, अंडं, ताक किती ते ठरलं, आणि पाणी उतरल्यावर कोरडं वजन नव्यानं धरलं: साडेचोपन्न.

तेव्हापासून फोन करायचा आकडा ५६.५ आहे. पूर्वी ज्या आकड्याला आम्ही निश्चिंतपणे चहा टाकायचो, त्याच्या अवघा अर्धा किलो वर.